थाळ्यातली दादीची बाजू

माझ्या लेकीचे दात माझ्यावर गेले होते, म्हणजे ओठांच्या आधी दारात हजर. माझ्या लग्नात बायकांनी या दातांवरून जे जे ऐकवलं, त्यातला एक शब्दही मी विसरले नव्हते. म्हणून तिचे अब्बा मुंबईहून सुट्टीवर आले तेव्हा मी हट्टच धरला. ते तिला आगबोटीने घेऊन गेले आणि दाताच्या डॉक्टरकडून वरच्या दातांना तार बसवून परत आणून सोडलं. त्या काळी मुरुडला असली तार कुणी पाहिली नव्हती. बघ्या बायकांची आमच्या दारात रीघ लागली. ‘आ’ कर, ‘आ’ कर म्हणून पोरीचा जबडा दुखायला लागला, ते वेगळंच.

सासूबाईंना हा सगळा शुद्ध खुळेपणा वाटला. “अल्लानं दिलेल्या तोंडाला कुंपण घातलंस गो?” घास चावला की पोरीचा गाल आतून खरचटायचा आणि ती हात आखडून घ्यायची. तेव्हा त्यांनी जाहीर केलं, “जुम्म्यापर्यंत पोरगी पोटभर जेवली न्हाय, तर सोनाराला बोलावून तार कापून टाकीन.” त्या बोलल्या की करायच्याच. आणि एकदा कापलेली तार पुन्हा बसवायला तिचे अब्बा काही राजी होणार नव्हते.

मी कंबर कसली. तारेच्या टोचणाऱ्या टोकावर मेणाची गोळी चिकटवली. तांदळाचं मऊ खिमट केलं, नारळाच्या दुधात शेवया शिजवल्या, काटे काढून मासा कुस्करला आणि वेगळ्या वाटीत घालून तिच्यासमोर ठेवला. तिने वाटीकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं.

“मी आजारी न्हाय!”

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या घरात सगळ्या बायका एकाच मोठ्या थाळ्याभोवती बसून जेवायच्या. वेगळी वाटी मिळायची ती तापाने फणफणलेल्याला, नाहीतर भांडून बसलेल्याला.

दुसऱ्या दिवशी तिला थाळ्यावर बसवलं आणि मऊ भात तिच्या पुढ्यात सरकवला. पण तिचा डोळा समोरच्या बाजूवर. तिथे तिची दादी. सासूबाईंच्या तोंडात एकही दात उरला नव्हता, त्यामुळे रश्शात भिजवलेली भाकरी, बिनकाट्याचा मासा, वर तुपाची धार, सगळी चैन त्यांच्याच बाजूला. मी कुस्करलेलं ते औषध आणि दादीने कुस्करलेलं ते जेवण! पोरीने हळूच हात लांबवला. सासूबाईंनी फटकन चापट मारली.

“आपल्या समोरचं खायाचं! दुसऱ्याच्या बाजूत हात घालायचा न्हाय, कितीदा शिकवलं?”

पोरगी उपाशीच उठली. मला भयंकर संताप आला.

शुक्रवारी नमाज झाली आणि सोनार आपली पक्कड घेऊन पडवीत येऊन बसला. आत आम्ही थाळ्याभोवती बसलो. मी पोरीला खेटून बसले होते आणि माझ्या पुढ्यातला तळलेला बांगडा तसाच पडून होता. सासूबाईंशी चार शब्द भांडायची मी मनात तयारीही करून ठेवली होती. पोरगी मान खाली घालून बसली होती. तिचा हात काही हलेना.

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग पडवीकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी थाळ्याची कड धरली आणि अख्खा थाळा अर्धा गोल फिरवला. मऊ भाकरी, मासा, तूप, सगळं पोरीसमोर आलं आणि माझा बांगडा जाऊन त्यांच्या पुढ्यात पडला.

“आता तुज्या समोर हाय, ते खा.”

पोरगी तुटून पडली. बोटं चाटूनपुसून तिने ती बाजू लख्ख केली. सासूबाईंनी पडवीत चहा पाठवला आणि सोनाराला घरी जायला सांगितलं.

त्या स्वतः मात्र त्या कडक बांगड्याचा तुकडा हिरड्यांनी चघळत बसल्या होत्या. मला एकदम भरून आलं. मी बांगडा उचलला, काटे काढले, बोटांनी चांगला कुस्करला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी माझा हात झटकला.

“मला काय तार बसवली हाय?”