निळ्या फ्लेक्सवरच्या माश्या

बसवराज गेल्याची बातमी मला एका गायीमुळे कळली. सातवा तास चालू होता, दहावी ब. खिशातला फोन तिसऱ्यांदा थरथरला म्हणून व्हरांड्यात येऊन उचलला. पलीकडे वस्तीवरचा एक शेतकरी. "सर, बसण्णा फोनच उचलंना झालेत. तुमचे दोस्त हायत न्हवं? गायीच्या अंगावर गाठी आल्यात, तुमी जरा सांगा की त्यास्नी." मी चिडलोच. रविवार नाही, सण नाही, लोक ह्या माणसाला सोडतच नाहीत, आणि त्यानं उचलला नाही की माझ्या मागे! त्याच तिरमिरीत बसवराजला फोन लावला. महादेवीवहिनींनी उचलला. "भाऊजी, कुणाला बोलावताय आता... जेवून उठले, छातीत दुखायलंय म्हणले. सोलापूरला पोचलोच न्हाई आमी." मग त्या शेतकऱ्याला उलट फोन करून सांगितलं. तो हळहळला आणि म्हणाला, "मग गायीचं काय करू, सर?" तेव्हा मला त्याचा भयंकर संताप आला होता. आता येत नाही. त्याची गाय जिवंत होती, दुसरं काय विचारणार बिचारा?

बसवराज मंद्रूपच्या जनावरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक होता. म्हणजे जनावर धरायचं, जखम धुवायची, पट्टी बांधायची, डॉक्टरांच्या हातात सुई द्यायची. पाचवीपासून आम्ही एका बाकावर. विज्ञानात मार्क त्याला जास्त पडायचे, आणि विज्ञानाचा शिक्षक झालो मी! घरी कानडी, त्यामुळं काही नवल दिसलं की त्याच्या तोंडून आधी "नोड, नोड!" निघायचं, मग मराठीत "बघ की रे, मास्तर." आणि दाखवायचा काय, तर बैलाच्या पायावर बसलेली चावरी माशी.

लम्पी पहिल्यांदा आला त्या वर्षी सगळ्यांचीच तंतरली होती. अंगभर गाठी आलेली, पाय सुजलेली जनावरं, बंद पडलेला बाजार. मग लस आली, टोचून झाली, आणि आपल्या रीतीप्रमाणं सगळे विसरले. हा एकटा विसरला नाही. "मास्तर, हे रोग चालत येत न्हाईत, उडत येतेत," म्हणायचा. "तीन दिसाचा तिवा ताप तसाच आला, लम्पी तसाच आला. उद्या आणि कुठला येईल त्याला नाव बी नसंल. समदे जनावराकडं बघायल्यात. माशीकडं कोण बघतंय?" त्यानं स्वतःच बघायला घेतलं. चावऱ्या माशीला निळा रंग ओढतो हे त्याच्या ध्यानात आलेलं. निळ्या फ्लेक्सचे तुकडे कापायचे, वर एरंडेल फासायचं आणि बारा गोठ्यांत टांगायचे, त्यातला एक माझा. दर सोमवारी ड्युटीच्या आधी फिरून चिकटलेल्या माश्या मोजायच्या. जिथं आकडा वाढला तिथं शेण उचलायला लावायचं, डबकं बुजवायचं, फवारणी करायची. लोक त्याला माशीडॉक्टर म्हणू लागले. स्टाफरूममध्ये त्याची नक्कल करून मीही चहाबरोबर हशा मिळवला आहे, लपवत कशाला?

घोळ झाला तो निळ्या रंगामुळं. असलं झकास निळं आभाळ फुकटात मिळायचं ते आमच्या शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षसाहेबांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर. वाढदिवस संपला की ते फ्लेक्स कडब्याच्या गंजीवर जातात, त्याबद्दल कुणाची हरकत नसते. बसवराजनं ते कापले. एका गोठ्यात साहेबांचा कान, दुसऱ्यात जोडलेले हात. माझ्या गोठ्यात मात्र अख्खा चेहरा आला, मिशीसकट, आणि मिशीवर माश्या. कुणा टवाळानं फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावलं. "सर, गावात दुसरा गोठा नव्हता? नोकरीची अजून सहा वर्षं आहेत ना तुमची?" बस्स, एवढंच. संध्याकाळी घरी येऊन मी तो तुकडा ओढून काढला आणि चुलीत घातला. बसवराज म्हणाला, "बरं, निळं कापड आणतो मी." मी म्हणालो, "काही आणू नकोस. नसती ब्याद! माझ्या गोठ्यात नको म्हणजे नको." चार दिवसांत बाकीच्या अकरा गोठ्यांतलेही उतरले. मास्तरांनीच काढलं म्हटल्यावर कोण ठेवणार?

त्याच वर्षी भाद्रपदात झड लागली. उसात पाणी तुंबलं, माश्या मायंदाळ झाल्या, आणि मोजणारं कुणी नव्हतं. माझ्या खिलार कालवडीच्या मानेवर पहिली गाठ दिसली तेव्हा ताप चढून दोन दिवस झाले होते. डॉक्टर येऊन औषध देऊन गेले. बसवराज मात्र रोज दोनदा यायचा. कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं अंग धुवायचा, फुटलेल्या गाठींना मलम लावायचा, तोंडाशी ओला चारा धरून बसायचा. एका शब्दानं मला बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं! एकदाच त्यानं भिंतीतल्या मोकळ्या खिळ्याकडं बघितलं आणि परत मान खाली घालून मलम लावू लागला. कालवड बाराव्या दिवशी गेली. खोल खड्डा, मीठ, चुना, सगळं त्यानंच केलं. एका फ्लेक्सच्या तुकड्यानं ती वाचलीच असती असं मी म्हणत नाही, तसं तोही म्हणाला नसता. पण माशी वाढली आहे हे आठ दिवस आधी कळलं असतं. फवारणी झाली असती. गल्लीतली आणखी चार जनावरं... जाऊ दे.

माझं चुकलं, एवढं त्याला म्हणायचं होतं. दिवाळीला म्हणू, बेंदराला म्हणू, असं करत दोन वर्षं घालवली. मुलांना मी चुका कबूल करायला शिकवतो. डोंबल!

तो गेल्यावर दहाव्या दिवशी स्टँडवर त्याचा फ्लेक्स लागला. भावपूर्ण श्रद्धांजली. मध्ये पासपोर्टच्या फोटोवरून ओढून मोठा केलेला बसवराज, आणि वर त्याच्या दुप्पट आकाराचे, हात जोडलेले, शोकाकुल अध्यक्षसाहेब. खाली लिहिलेलं, 'मुक्या जनावरांचा कैवारी'. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हयातीत ज्याचं काम उतरवायला लावलं, तो मेल्यावर त्याच्याच डोक्यावर चढून बसायचं! आणि उतरवणारा कोण, तर मी. मागे सगळीकडं तेच झकास निळं आभाळ.

महिन्याभरानं फ्लेक्स एका कोपऱ्यावर लोंबकळत होता. शाळा सुटल्यावर, भर रस्त्यात, चार लोक बघत असताना मी तो सोडवला आणि गाडीला बांधून घरी आणला. कात्री घेतली, साहेबांना कापून टाकावं म्हणून. बायकोही म्हणाली, "कापा की, कशाला परत खाजवून खरूज?" थोडा वेळ कात्री हातात धरून उभा राहिलो... आणि ठेवून दिली. एकदा साहेबांना भिऊन काढून झालं होतं, ते पुरे होतं. हातानंच एरंडेल फासलं. साहेबांच्या मिशीवर फासताना काही वाटलं नाही. बसवराजच्या तोंडावरून हात फिरवताना मात्र मला रडू कोसळलं, आणि जे दोन वर्षं राहिलं होतं ते मी त्या फ्लेक्सला म्हणालो. मग त्याच खिळ्याला टांगला, रस्त्याकडं तोंड करून.

सोमवारी सकाळी मोजायला उभा राहिलो. एकवीसपर्यंत आलो आणि फोन वाजला. मुख्याध्यापक. "सर, हे काय ऐकतोय मी? परत तेच?"

"व्हय सर," म्हणालो, "परत तेच." आणि फोन खिशात टाकला.

आकडा विसरलो होतो. बसवराजच्या कपाळापासून पुन्हा मोजायला लागलो.