मी अंधेरीला राहत नाही

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि रविवारच्या आत एकदा तरी हे तोंडातून बाहेर पडायला हवं.

मी जोगेश्वरीला राहते. टेकडीवरच्या चाळीत, एका खोलीत. गावी, बीडकडे, मात्र सगळ्यांना माहीत आहे की मी 'अंधेरीला' असते. तुम्ही म्हणाल, त्यात काय, मुंबईत सगळेच जरा बरं स्टेशन सांगतात. खरंय. एवढ्यावरच थांबलं असतं तर मी कशाला बोलले असते?

मंजू माझी मावसबहीण. मालाडला नोकरी लागली तेव्हा तिने पहिला फोन मला केला. "ताई, तुझ्याजवळ खोली बघ ना. स्वस्त हवी, आणि आईच्या जिवाला घोर नको." नेमकी माझ्या भिंतीला लागून खोली रिकामी होती. पलीकडच्या कदमकाकी मूळच्या मालवणच्या. त्यांनी मालकाला सांगून ती धरूनही ठेवली. "तुझ्या भयणीक सांग, हयसर ये. आमी आसंव मां!"

आणि मी? मंजू आली असती तर माझी अंधेरी उघडी पडली असती. सामायिक संडास, पत्र्याचं छप्पर — सगळं गावभर झालं असतं. म्हणून तिला म्हटलं, "आहेत गं खोल्या जोगेश्वरीला, पण ती वस्ती पोरींनी राहण्यासारखी नाही."

कुठली वस्ती? मला ताप आला तर दुपारच्या आत काकी पेज घेऊन दारात उभ्या, ती? पायऱ्या चढताना दारादारांतून "जेवलीस का?" येतं, ती? मी त्याला भोचकपणा म्हणायचे. त्याच दारांच्या भरवशावर मी निर्धास्त झोपते, आणि त्यांनाच बदनाम केलं. काकींना सांगितलं, मंजूलाच यायचं नाही. त्या नुसत्या "बरां" म्हणाल्या.

मंजूने मालाडला, उंच इमारतीत, न परवडणारी जागा घेतली. तिथे काविळीने पडून राहिली — शेजारच्या खोलीतल्या मुलीलाही पत्ता नव्हता. शेवटी मावशी येऊन तिला गावी घेऊन गेली. निरोपाला मी सफरचंदं घेऊन गेले होते. अंधेरीची ताई! लाज वाटते. आजही वाटते.

आता मंजू ठणठणीत आहे, पुन्हा येतेय. या वेळी तिने मला खोलीचं विचारलंच नाही. मीच पत्ता पाठवला — चाळीचा, खराखुरा. तिचं लगेच उत्तर आलं, "अगं, पण ती वस्ती तर..." मी लिहिलं, "रविवारी ये. मी तिथेच राहते."

दोघींना समोरासमोर बसवून सांगणार आहे. मंजूला, की वस्ती चांगलीच होती. काकींना, की मंजूला यायचं होतं. मधे मी आडवी आले. मग त्या मला काय म्हणायचं ते म्हणोत.

ती खोली परत रिकामी झालीय. मंजू येतेय एवढंच मी काकींना म्हटलं होतं; त्यांनी काहीही न विचारता कालच धुऊन ठेवली.