जुन्या नमुन्यांची निंदणी

खाजामियाँला त्या पोरीचं सगळंच डाचायचं. तिचा पांढरा कोट, तिची फिरती खुर्ची, टेबलावरची नावाची पाटी. आणि सगळ्यात जास्त डाचायची ती फ्रीजरची किल्ली. पाच वर्षं ती किल्ली त्याच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात होती. एका सोमवारी एक कागद आला आणि किल्ली मंजुश्री मॅडमच्या गळ्यात, ओळखपत्राच्या फितीला जाऊन लटकली.

खाजामियाँ मूळचा शिरूर अनंतपाळचा. तहसिलीत जुन्या दप्तरांच्या खोलीत अठरा वर्षं शिपाई. कोरोनाच्या पहिल्या साली त्याला ‘तात्पुरतं’ म्हणून लातूरच्या एका सरकारी प्रयोगशाळेत धाडलं. तात्पुरतं हा शब्द सरकारात कधी मरत नाही. लोक घराची कडी लावून बसले होते तेव्हा हा माणूस जीपमध्ये बर्फाची पेटी मांडीवर घेऊन किल्लारी, मुरुड, औसा करत फिरला. गावोगावच्या लोकांचं रक्त नळ्यांत भरून यायचं. कोणाचं, कुठल्या आळीतलं, कुठल्या तारखेचं, हे सगळं त्यानं स्वतःच्या अक्षरात चिठ्ठ्यांवर लिहिलं. मोत्यासारखं अक्षर. साहेब लोकांची सही वाचता येत नाही, खाजामियाँची चिठ्ठी आंधळ्यालाही वाचता यावी.

साथ होती तोवर दिल्लीपासून गल्लीपर्यंत पैशाला वाट सापडत होती. साथ ओसरली आणि प्रयोगशाळेला कुलूप. पाऊस उघडला की छत्री भंगारात घालणारं सरकार आपलं! तीन हजार नळ्या फ्रीजरात तशाच. त्यांना वाली कोण? तर एक दहावी पास शिपाई. लाइट गेली की जनरेटरच्या डिझेलसाठी हाच इमारतीच्या अधीक्षकाच्या दारात ठाण मांडून बसायचा. एकदा फ्रीजरच बंद पडला तर रक्तपेढीच्या माणसाशी हमरीतुमरी करून सगळे रॅक तिथं नेऊन ठेवले. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलंही नाही.

यंदा सरकारला जाग आली. पुढची साथ यायच्या आधीच तयारी हवी म्हणून संशोधनाला पैसा मंजूर झाला. मोठी कचेरी नांदेडला, नमुन्यांचं कोठार लातूरला. कोठाराला एक प्रमुख पाहिजे. खाजामियाँनं अर्ज केला. छाननीच्या यादीत त्याच्या नावापुढं एकच शब्द होता: अपात्र. आणि उदगीरकडच्या एका शेतकऱ्याची, नांदेडला एम.एस्सी. झालेली सव्वीस वर्षांची पोरगी येऊन त्या खुर्चीवर बसली. आठ दिवसांत तिचा फोटो पेपरात. ‘पुढच्या महामारीविरुद्ध लातूरची पहारेकरी.’ मागं फ्रीजर. फ्रीजरच्या मागं खाजामियाँ उभा होता, पण फोटोत त्याचं कोपरच आलं होतं.

घरी बायको, दिलशाद, म्हणाली, “उस छोकरी का नाम लिये तो दांत कायकू चाबते जी? खाना खाव, दांत नक्को खाव.”

“पहारेकरी म्हणे! पहारा मैं दिया, फोटो उसका.”

“तो तुमी बी निकाल लेव फोटो. शादी में निकाले थे, उसके बाद निकालेच नै.”

त्याला हसू आलं नाही. खरं तर पोरगी वाईट नव्हती, हाच त्याचा संताप. खाजाचाचा म्हणायची, आपल्या डब्यातली शेंगाचटणी पुढं करायची. वाईट असती तर द्वेष करायला सोपं गेलं असतं.

मग ते पत्र आलं. इमारतीच्या मुख्य कचेरीतून, सगळ्या शाखांना एकसारखं. ‘विषय: जुन्या नमुन्यांचे निंदणीकरण. दि. ३१ मार्च २०२२ पूर्वीचे सर्व नमुने विहित पद्धतीने नष्ट करून आजच अहवाल द्यावा.’

मंजुश्रीनं ते दोनदा वाचलं. तिचं तोंड उतरलं. “चाचा, निंदणी म्हणजे आमच्या शेतात तण उपटतात तेच ना? हे तर सोनं हाय. उद्या नवा विषाणू आला तर पहिलं हेच बघणार, ह्यो आधीच आपल्यात गुपचूप येऊन गेला होता का. आन् हे तण म्हणून राहिलेत?” तिनं नांदेडला फोन लावला. साहेब दिल्लीत, बैठकीत. मुख्य कचेरीतल्या पंचाक्षरी नावाच्या क्लार्कला लावला. तो तिकडून खेकसला, “पत्रात तारीख लिहिली हाय ना मॅडम? मग मला कशाला विचारून राहिलात?”

फोन ठेवून ती खाजामियाँकडं वळली. “तुम्ही माझ्यापेक्षा लई सरकारी कागद बघितलेत. शुक्रवारी नांदेडची कमिटी कोठार बघायला येणार. त्याच्या आधी जुनं काढून नव्याला जागा करा, असंच असंल ना ह्याचं?”

खाजामियाँला पत्र हातात घ्यायचीही गरज नव्हती. दर मार्चला अठरा वर्षं त्यानं हेच केलं होतं. कचेरीत नमुना म्हणजे छापील तक्ता. नमुना एक, नमुना सात, नमुना आठ अ. निंदणी म्हणजे मुदत संपलेली कागदं गठ्ठ्यातून वेचून फाडायची. सगळ्या शाखांनी आज रद्दी काढायची होती, एवढंच. पण ह्या पोरीनं जन्मात नमुना म्हणजे फक्त नळीतलं रक्त बघितलं होतं.

एक वाक्य. एकच बोलायचं होतं. पण त्याच्या डोळ्यांपुढं शुक्रवार आला: कमिटी येते, फ्रीजर उघडते, आत रिकामा गारठा. पैशाचा पुढचा हप्ता बंद, पहारेकरीण उदगीरच्या बसमध्ये.

“साहेबांनी लिहिलंय,” तो म्हणाला, “तर काढा.”

तिनं मान हलवली. हातमोजे घातले. मुरुडचा रॅक काढला, शंभर नळ्या, वाफेच्या भट्टीत ठेवल्या आणि झाकण आवळलं. ही भट्टी जंतू मारायची. तिच्यातून निघालेलं रक्त कुठल्याच तपासणीला चालत नाही. यंत्र सूं करायला लागलं. बाहेर पडलेला माल कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाणार होता.

खाजामियाँ दारात उभा राहून बघत होता. गोड वाटायला पाहिजे होतं. पहिली दोन मिनिटं वाटलंही.

तिनं किल्लारीचा रॅक काढला. बर्फ पुसला, तसं पुढच्या नळीवरचं त्याचं अक्षर उघडं पडलं. भामाबाई, वरची आळी. ती म्हातारी हात पुढं करताना म्हणाली होती, “घे बाबा. पर जपून ठेव, मी परत मागीन!” सगळी आळी हसली होती, आणि हाही हसत म्हणाला होता, “हाव माय, ठेवतो.”

मंजुश्रीनं रॅक उचलला.

“ओ! ठेवा ते! ठेवा म्हणतो ना!” तो असा ओरडला की पलीकडच्या खोलीतली माणसं दारात आली. “कागदं फाडायची हायत, कागदं! तक्ते! रगत न्हाई! एम.एस्सी. केलं आन् नमुना म्हणजे काय ठावं न्हाई!”

तिनं आधी किल्लारीचा रॅक फ्रीजरात ठेवला, दार लावलं, मग भट्टीकडं धावली. पण भट्टीला घाई समजत नाही. मुरुड गेलं होतं.

माणसं पांगली. ती स्टुलावर बसली. खाली बघत तिनं विचारलं, “मी विचारलं तेव्हा तुम्हाला ठावं होतं?”

खोटं बोलायला जागा होती. “हाव,” तो म्हणाला.

“मग?”

“जळून राहिलो होतो.”

तिनं थोबाडीत मारली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती उठली, संगणकापुढं बसली आणि ठरलेल्या तक्त्यात अहवाल लिहिला. मुरुडचे शंभर नमुने पत्राचा चुकीचा अर्थ लावल्यामुळं नष्ट झाले, जबाबदारी माझी. कागद छापून निघाला. खाली तिचं नाव, पद, झोकदार सही.

खाजामियाँनं तो वाचला आणि पुन्हा तोच जळफळाट. ह्या पोरीला चूकसुद्धा सही करून करता येते! ह्याचं पाच वर्षांचं राखणं कुठं लिहिलेलं नाही, आणि आता ह्याचा गुन्हाही दुसऱ्याच्या नावावर.

“माझं नाव घाला ह्याच्यात.”

“चाचा, नोकरी जाईल तुमची.”

“जाऊ दे. मुरुड मी घालवलं. ते बी तुम्हीच घेणार काय? पेपरात तुम्ही, खुर्चीत तुम्ही, गुन्ह्यात बी तुम्हीच?”

“पण ह्या तक्त्यात तुमचं पदच न्हाई,” ती हळूच म्हणाली. “कुठं घालू?”

“मग तक्ता बदला,” खाजामियाँ म्हणाला. त्यानं तिच्या टेबलावरून कोरा कागद ओढला, तिचाच पेन उचलला, आणि उभ्या उभ्याच सुरुवात केली: ‘मी, खाजामियाँ, नमुने राखणारा...’