एल्बिओ पागानीचं एकमेव गाणं

एल्बिओ पागानी बावन्न वर्षांचा होता आणि त्यातली तेहतीस वर्षं रियाचुएलो नदीच्या काठावर, कातडी कमावण्याच्या कारखान्यात गेली होती. अंगाचा वास साबणाने जात नसे. बसमध्ये त्याच्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राही.

तरुणपणी कारखान्यातल्या तिघांबरोबर त्याने रॉक बँड काढला होता. शब्द एल्बिओचे, चालही त्याचीच. त्यातलं एकच गाणं जमलं: ‘कुणीतरी मला नावानं हाक मारा, तुमच्या गर्दीत मला शिरू द्या.’ दोनशे कॅसेट काढल्या, त्यातल्या एकशेसाठ पलंगाखाली पडून राहिल्या.

एल्बिओची बायको वारल्यावर त्यांचा मुलगा ब्रूनो अकरा वर्षांचा होईपर्यंत गादी ओली करायचा. कामावर निघण्याआधी एल्बिओ ती मागच्या भिंतीवर, शेजाऱ्यांना डाग दिसणार नाही अशी टाकायचा आणि टाकताना तेच गाणं गुणगुणायचा. बापलेकांत त्यावर कधी बोलणं झालं नाही.

पुढे ब्रूनो गोलकीपर झाला. वस्तीतल्या फुटबॉल क्लबने त्याला बुटका म्हणून परत पाठवलं, नदीपलीकडच्या वैरी क्लबने घेतलं. ऑगस्टमध्ये त्या क्लबचा सामना वस्तीच्या क्लबशी, वस्तीच्याच मैदानावर ठरला.

आमच्याकडे स्टँडमधले प्रेक्षक घोषणागीतं रॉकच्या चालींवरच रचतात. ज्याची चाल स्टँड उचलतो, त्याला वस्ती विसरत नाही. सामन्याआधीच्या बुधवारी ढोलवाल्यांचा म्होरक्या तुर्को कारखान्याच्या फाटकाशी येऊन उभा राहिला.

“कविराज, तुझी ती जुनी चाल पाहिजे. रविवारी अख्खा स्टँड गाईल.”

एल्बिओला आधी खरंच वाटेना. “आणि शब्द?”

“शब्द नवे. त्यांच्या गोलकीपरला चिडवणारे. तुझ्याच घरातला ना तो? दे की काहीतरी त्याचं. का पोरासारखा तूही पलीकडचा झालास?”

“मी इथलाच आहे, तुर्को.”

“मग दे. तुला ढोलाशेजारी उभा करतो. तिथे मी माझ्या सख्ख्या भावालाही उभं करत नाही.”

एल्बिओने सिगारेट शेवटपर्यंत ओढून थोटूक पायाखाली विझवलं. मग त्याने गादीचं सांगितलं. यमकही त्यानेच जुळवून दिलं, कारण तुर्कोची ओळ चालीत बसत नव्हती आणि ते त्याला ऐकवेना.

रविवारी उत्तरार्धात ब्रूनो नेमका आमच्या स्टँडखालच्या गोलपाशी आला. ढोल सुरू झाला. चाल ओळखून त्याने मान वर केली आणि किंचित हसला. मग शब्द आले.

‘ब्रूनो, ब्रूनो, गादी वाळली का,
अकराव्या वर्षी तरी सवय गेली का?’

चार हजार माणसं गात होती. दहा मिनिटांनी एक साधा चेंडू ब्रूनोच्या हातातून निसटून जाळ्यात गेला. स्टँडमध्ये लोकांनी एल्बिओला मिठ्या मारल्या, खांद्यावर उचललं, ढोलाच्या ठेक्यावर त्याचं नाव घेतलं. वासाने कुणी नाक मुरडलं नाही. जाळ्यातून चेंडू काढताना ब्रूनोने वर बघून बापाला शोधून काढलं. एल्बिओच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो दुसरं कडवं गात होता.

परतताना बसमध्ये तुर्को त्याला खेटून बसला, गळ्यात हात टाकून.

“पुढच्या वर्षी पुन्हा येतोय तुझा पोरगा. आणखी काही आठवतंय का बघ.”

एल्बिओ आठवू लागला.