एस्टिमेट वाचणारे शेजारी

कॅनडातल्या विंडसरमध्ये आमच्या शेजारी राहणारे हे गृहस्थ गाड्यांच्या कारखान्यातून इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झाले. कागद ते उभ्याने कधी वाचत नाहीत. आधी खुर्ची ओढतात, मग चष्मा पुसतात. प्रत्येक वाक्याआधी "असं बघा" म्हणतात.

यंदा बर्फ वितळल्यावर आमच्या बेडरूमच्या छताला ओल आली. कॉन्ट्रॅक्टरने सगळं छप्पर बदलायचं एस्टिमेट दिलं. नवरा गेल्यापासून असले निर्णय माझ्या एकटीवरच येतात, म्हणून सही करण्याआधी मी या शेजाऱ्यांना बोलावलं.

त्यांनी ते दोनदा वाचलं. "असं बघा, वहिनी... यात छपराखालच्या फळ्या कुजल्यात असं लिहिलंय. पण तो वर माळ्यावर, अ‍ॅटिकमध्ये चढला होता का?"

"नाही. बाहेरूनच फोटो काढले त्याने."

पंचाहत्तरीचा माणूस, त्यात दुखरे गुडघे. मी नको नको म्हणत असताना ते टॉर्च घेऊन शिडी चढले. उतरले तेव्हा केसांत इन्सुलेशनचा गुलाबी कापूस अडकला होता.

"फळ्या ठणठणीत आहेत. चिमणीपाशी पत्रा उचकटलाय, तेवढाच दुरुस्त करून घ्या." मग खाली बघत म्हणाले, "एका फळीवर तुमचं नाव लिहिलंय. अक्षर तुमच्या मिस्टरांचं दिसतंय."

मला हे ठाऊकच नव्हतं.

"चढा, मी शिडी धरतो," ते म्हणाले आणि मी खाली येईपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.