पिंपातली ती

मासा म्हणजे समुद्रातला, हे मला लहानपणापासून पक्कं ठाऊक होतं. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. शांती नगरातल्या माझ्या माहेरी रविवारी बांगडा मिळाला नाही तर आई तोंड फुगवून बसायची, पण गोड्या पाण्यातला मासा उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. 'त्यापेक्षा चिखल शिजवून खा,' म्हणायची. त्यामुळे लग्न होऊन मी घोडबंदरला आले आणि सासऱ्यांनी मागच्या पडवीतल्या निळ्या पिंपात एक काळा, मिशाळ, बुळबुळीत मासा जिवंत सोडला, तेव्हा मी नवऱ्याला विचारलं, "हे खायचंय की पाळायचंय?" नवरा हसला. तो मागूर होता आणि तो खायचाच होता.

पिंपात ठेवायचं कारण साधं. स्वच्छ पाण्यात एक-दोन दिवस राहिला की मागुराचा चिखलाचा वास जातो. हा मासा लवकर मरतही नाही. पाण्यात राहूनही त्याला वरची हवा लागते. थोड्या थोड्या वेळाने तो वर येतो, तोंड उघडून हवेचा एक घोट घेतो आणि खाली जातो. घोट घेताना आवाज होतो, मिटलेले ओठ उघडल्यासारखा. पुक्. दुपारी घरात सगळे पडलेले असायचे आणि मागच्या दाराआड कुणीतरी श्वास घेत असायचं. भीती वाटायची असं मी म्हणणार नाही, पण त्या दाराकडे पाठ करून मी कधी झोपले नाही.

सासरे खाडीवर मासेमारी करणाऱ्या घरातले. खाडीत मासा राहिला नाही तशी होडी गेली, जाळी माळ्यावर गेली, हातात राहिला तो भाला. लांब बांबू आणि टोकाला लोखंडाचे तीन दाते. मागूर ते त्यानेच मारायचे आणि मागुराला कायम 'ती' म्हणायचे. ती वर आली, ती खाली गेली, आज ती रुसलीय. मी एकदा शहाणपणा करून म्हटलं, "बाबा, मागूर तो असतो ना?"

"तुज्या रत्नागिरीला तो आसंल," ते म्हणाले. "हितं ती हाय."

"माज्याशी कवा इतकं गोड बोलला न्हाय," सासूबाई आतून म्हणाल्या.

मग सासूबाईंची फुप्फुसं बिघडली. आधी जिना चढताना दम लागायचा, मग न्हाणीघरापर्यंत जाताना, मग नुसतं बोलताना. डॉक्टरांनी औषधं दिली, घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं आणि नवऱ्याला बाजूला घेऊन बरंच काही सांगितलं. बाबांनी त्यातलं काही ऐकून घेतलं नाही. जो मासा पाण्यात राहून हवा पितो, त्याचा रस्सा दमेकऱ्याला द्यायचा, हे त्यांच्या घरात पूर्वापार चालत आलेलं. मी म्हटलं, मार्केटातून आणते, तिथे टाकीत ढीगभर मागूर असतात. बाबा म्हणाले, "ती काय मागूर? ती पिठावर पोसलेली." आणि आजाऱ्यासाठी मारायची तर एक नियम होता. आधी तिला वर येऊन पोटभर श्वास घेऊ द्यायचा, मग भाला मारायचा. रिकाम्या श्वासाची मागूर आजाऱ्याच्या पोटात गेली, तर ती त्याचाच श्वास मागते.

"हे डॉक्टरांना सांगू का?" मी विचारलं. मला असल्या गोष्टींचा रागच येतो. पण आलं-मिरी घातलेला तो पातळ रस्सा पिऊन सासूबाईंच्या तोंडावर जरा रंग यायचा, हेही मी पाहत होते. त्या जगाव्यात असं मलाही मनापासून वाटत होतं, त्यामुळे मी तोंड बंद ठेवलं.

बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. बायको बरी झाल्याशिवाय ऑपरेशन करणार नाही, हा त्यांचा हट्ट. एकट्याला पाण्यावर सोडायची सोय उरली नाही, नवऱ्याला रविवारीही ड्युटी, म्हणून मी जाऊ लागले. माझं काम एवढंच, मागूर दिसली की हळूच 'आली' म्हणायचं. तिने श्वास घेतला, वळली आणि शेपूट वर दिसली की बाबा मारायचे. मासा पिंपात जगला पाहिजे म्हणून घाव कायम शेपटीला. चुकला तर म्हणायचे, "येल परत." आणि ती यायचीच.

हायवेच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत एक बंद पडलेली दगडखाण आहे. वर्षानुवर्षं पाणी साठून तिचं तळं झालंय. ट्रक उतरायचा रस्ता अजून शाबूत आहे. तो उतारावरून पाण्यापर्यंत जातो आणि तिथे संपत नाही, पाण्याखालीही तसाच जात राहतो. मागूर त्या बुडालेल्या रस्त्यावर उथळात यायच्या. काठावर उभं राहून बघताना मला मासे कमी दिसायचे, रस्ता जास्त. खालून कुणी चालत वर आलं असतं तर त्याला वाट विचारावी लागली नसती.

जायची वेळ भर दुपारची. ऊन डोक्यावर आलं की तळ दिसतो आणि पाणी तापलं की मागूर जास्त वेळा वर येते. माझ्या आईला हे फोनवर कळलं तेव्हा ती ओरडलीच. "बारा वाजता पाण्यावर? डोकं फिरलंय का तुझं? अंगारा तरी लावून जा." मी हसले आणि अंगारा लावून गेले.

तिन्ही बाजूंना खडकाच्या उभ्या भिंती. त्यामुळे मासा वर यायचा समोर आणि त्याचा श्वास ऐकू यायचा मागून. भिंतीवर आपटून आवाज परत येतो, हे मला कळत होतं. तरी मान दर वेळी मागे वळायची.

शेवटचा रविवार मला नीट आठवतो. वारा नव्हता. बराच वेळ काही हललं नाही आणि मग माझ्या पायाशीच ती वर आली, माझ्या दंडाएवढी जाड. "आली," मी म्हटलं. तिने तोंड उघडलं, घोट घेतला आणि ती वळलीच नाही. मिशा पाण्यावर पसरून तशीच राहिली. मागुराचे डोळे अगदी बारीक असतात, ते कुठे बघतात ते सांगता येत नाही, पण ती माझ्याकडे बघत होती. तिचं तोंड मिटलेलं होतं आणि मागून आवाज आला, पुक्. थोड्या वेळाने पुन्हा आला.

"बाबा, ही तोंड उघडत नाहीये," मी म्हटलं.

"मागं बगू नको," ते म्हणाले. एवढंच म्हणाले, पण त्यांचा आवाज बदलला होता. मग ती वळली आणि भाला पडला. शेपूट दोन दात्यांच्या मध्ये अडकली, कातडीला नुसता ओरखडा, बाकी ती धडधाकट. बादलीत टाकून आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी बाबांनी विळी काढली तेव्हा सासूबाईंनी त्यांना हाक मारली. नाकात नळी, दोन शब्दांमध्ये दम. "तिला कापू नको."

"का गो?"

"माजा न् तिचा श्वास येकदम येतोय. आयक."

आम्ही ऐकत राहिलो. मशीनचा सूं आवाज, सासूबाईंची छाती वर झाली, आणि पडवीतून पुक्. परत छाती वर झाली, परत पुक्. योगायोग असतो, असं मी स्वतःला समजावलं. पुन्हा तसंच झालं तेव्हा मी उठून पाणी प्यायला गेले.

"रस्सा न्हाय प्यालीस तर ताकत कुठून येल?" बाबा म्हणाले.

"तिला कापलंस तर मी जायन."

बाबा विळी हातात घेऊन उभेच राहिले. कापली नाही तर बायको जाणार, हा त्यांचा विश्वास. कापली तर जाईन, असं बायको सांगतेय. शेवटी त्यांनी विळी आत ठेवली आणि पडवीत पिंपाला टेकून बसले. त्यांना घाबरलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मग ते एकदा पिंपापाशी, एकदा खाटेपाशी असे फिरत राहिले. खाटेवर ते वाकायचे ते अगदी पाण्यावर वाकल्यासारखे, मान तिरकी, उजवी मूठ आवळलेली. सासूबाईंनी डोळे उघडून बघितलं. "आसं नको बगू माज्याकडं," त्या म्हणाल्या. "मी मागूर न्हाय." आम्ही हसलो. त्याही हसल्या आणि मग बराच वेळ खोकत राहिल्या.

बुधवारी भर दुपारी त्यांचा श्वास बाहेर गेला आणि पुढचा आला नाही. नवरा कामावर होता, घरात आम्ही दोघंच. मी बाबांकडे बघितलं. ते वाकून ऐकत होते.

"थांब," ते म्हणाले. "येल परत."

पाण्यावर हे त्यांनी किती वेळा म्हटलं असेल आणि कधी चुकले नव्हते. म्हणून मी थांबले, खरंच थांबले. शेवटी मीच हात लांबवून मशीन बंद केलं. घर एकदम गप्प झालं आणि त्या शांततेत पडवीतून आवाज आला, पुक्.

बाबांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर सरळ सरळ आनंद होता. "आली," ते म्हणाले. "बग, आली." मला रडू फुटलं ते तेव्हा, त्याआधी नाही.

सुतकात घरात मासा शिजत नाही, त्यामुळे ती पिंपातच राहिली. भेटायला आलेली माणसं बोलता बोलता थांबायची आणि मागच्या दाराकडे बघायची. एका नातेवाइकांनी तिला गटारात टाकायला सांगितलं, तर बाबा त्यांच्या अंगावर धावून गेले. दिवसभर ते पिंपाशी बसून असायचे. एकदा मला म्हणाले, "कापली आसती तर वाचली आसती का गो?"

"नाही बाबा."

"मंग न्हाय कापली म्हणून गेली?"

"नाही," मी म्हटलं. मला त्यांची इतकी दया आली की स्वतःचाच राग आला.

तेरावं झाल्यावर आम्ही तिला झाकणाच्या बादलीत घालून रिक्षाने निघालो. बाबांनी भाला घेतला नाही. सिग्नलला बादलीतून आवाज आला तसा रिक्षावाला वळला. "बाल्टी में कौन है?" तो गमतीने म्हणाला. मला 'कुछ नहीं' म्हणायचं होतं, तोंडातून निघालं, "कोई नहीं." त्याने पुन्हा मागे बघितलं नाही.

ऊन डोक्यावर होतं. बाबांनी बादली त्या बुडालेल्या रस्त्यावर तिरकी केली. ती क्षणभर तिथेच थांबली, मग रस्ता धरून, घाई न करता, खाली खाली गेली. हिरव्या पाण्यात शेपटीवरचा पांढरट ओरखडा तेवढा थोडा वेळ दिसला आणि मग तोही दिसेना.

"आली का?" बाबांनी विचारलं. पाणी स्तब्ध होतं. ते थांबले, मीही थांबले. माझाच श्वास कोंडलाय हे मला उशिरा कळलं.

मग लांब, खोल पाण्यावर एक काळं तोंड उघडलं आणि श्वास आमच्या मागून ऐकू आला, अगदी खांद्याजवळ. या वेळी मी मान वळवली नाही.

"आली, बाबा," मी म्हटलं.

सवयीने त्यांचा उजवा हात वर गेला. मुठीत काही नव्हतं. तो तसाच हवेत राहिला, मग मूठ उघडली, आणि एसटी सुटताना हलवतात तसा त्यांनी तो हळूहळू हलवला.