एका जात्यावरच्या जावा

शेवटच्या संध्याकाळी आम्ही मागच्या पायरीवर मेथी निवडत होतो. निवडत मी होतो. कारभारीण काड्यासुद्धा पानांत टाकत होती, कारण तिचे कान शेजारच्या गॅरेजात. हात आपल्या घरात आणि कान दुसऱ्याच्या, ही तिची जन्माची खोड.

शेजारी रॉय, जमैकाचा माणूस. शाळेची बस चालवतो आणि सुट्टीला गॅरेजात गाणी बनवतो. त्यांच्यात ठेका एकच बनवतात, त्याला रिडिम म्हणतात. त्याच रिडिमवर पाच-सहा जण येऊन आपापलं गाणं म्हणून जातात. मला वाटायचं, मेल्याची तबकडी अडकली. ही म्हणाली, "अहो, जातं एकच आहे. दळणाऱ्या जावा निराळ्या."

मग त्या दाढीवाल्या बाप्यांना हिने नावंच ठेवली. घोगऱ्या आवाजाचा तो थोरली जाऊ, सगळ्यांना अक्कल शिकवणारी. भरभर बोलणारा धाकटी. "हिला माहेरचा फार तोरा," म्हणायची. भाषा कळत नव्हती, भांडण कळायचं.

एकदा रॉयला धपाटे द्यायला गेली आणि ठेका चालू होता तर तिथंच ओवी म्हणाली. स्वतः जुळवलेली:

"परदेशी आले बाई, पीठ मिळे पिशवीत,
जात्याविना ओवी माझी राहिली गं मुठीत."

रॉय हातातलं ठेवून उभाच राहिला. रविवारी सकाळी या, रेकॉर्ड करू, म्हणाला.

आमच्याकडे जात्याला दोघी बसतात. एक ओवी म्हणते, समोरची शेवटचे शब्द धरते, म्हणजे पहिलीला दम घेता येतो. त्याला झील धरणं म्हणतात. या परमुलखातल्या श्रूजबरी गावात समोर बसायला कोण? मला बसवलं. "तुमचा आवाज म्हणजे बिनतेलाचं दार," म्हणाली. "पण दुसरं दार आणू कुठून?"

त्या संध्याकाळी आम्ही तेच घोकत होतो, ती ओवी आणि तिनेच जुळवलेली दुसरी एक. मुलगा ऑफिसचं सोडून बाहेर आला. "आई, प्लीज. हे लोक ऑनलाइन टाकतात सगळं. ऑफिसमधले बघतील. मी रॉयला टेक्स्ट करून उद्याचं कॅन्सल केलंय."

ती मेथीतल्या काड्या वेचून काढू लागली. जरा वेळाने मला म्हणाली, "पोटचा आहे म्हणून. जाऊ असती तर ऐकवलं असतं."

रात्री झोपेतच गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. म्हणू देत.

सकाळी घरात फोनच फोन. माणसं येऊन बसली होती. मुलगा डोळे पुसत माझ्याजवळ आला. "बाबा, फ्युनरलला कुठली भजनं लावू? आईची आवडती कुठली?"

जिने जन्मात भजन म्हटलं नाही तिची आवडती भजनं. मी म्हटलं, "तुला ठाऊक नाही, तर तूच लाव." आणि चपला घातल्या.

रविवारच होता. रॉय गॅरेजात एकटा बसलेला, रात्रीची अँब्युलन्स त्यानेही पाहिलेली. उठून त्याने माझा हात धरला. मी यंत्राकडे बोट केलं. लाव.

ठेका सुरू झाला. तिच्या ओळींना मी तोंड लावलं नाही. तिथं नुसतं जातं फिरत राहिलं. ओळ संपायची जागा आली तशी मी झील धरली.

राहिली गं मुठीत.

रॉयने बंद करायला हात पुढे केला. मी मान हलवली. तिची दुसरी ओवी यायची होती.